स्वस्त सिमवरचा व्हॉइसमेल सारखा बंद पडतो? आधी बिघाड कुठे आहे ते पकडा

अमेरिकेत दवाखाना, फार्मसी, शाळेतली नर्स, विमा कंपनी, भाड्याच्या घराचं ऑफिस, नोकरीसाठी फोन करणारे रिक्रूटर हे सगळे एकदाच फोन करतात. उचलला नाही तर निरोप ठेवतात आणि तुम्हाला कळवल्याची नोंद करून मोकळे होतात. भारतात आपण मिस्ड कॉल बघून उलटा फोन लावतो. इथे दवाखान्याला उलटा फोन लावला तर तो मुख्य नंबरवर जातो, आणि ‘आम्हाला फोन कुणी केला होता’ हे तिथल्या बाईंना सांगता येत नाही. ते त्या व्हॉइसमेलमध्येच असतं.

नेमका हाच व्हॉइसमेल स्वस्त सिमवर सारखा रुसतो. विद्यार्थी, एच-४ व्हिसावर (जोडीदाराच्या नोकरीमुळे) आलेली मंडळी, सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा, शाळकरी मुलांचा पहिला फोन, यांच्याकडे बहुधा मिंट, टेलो, यूएस मोबाइल, व्हिजिबल, क्रिकेट, ट्रॅकफोन असंच काहीतरी असतं. बोलणं, इंटरनेट, व्हॉट्सॲप सगळं व्यवस्थित चालतं. व्हॉइसमेल मात्र आज चालू, पंधरवड्याने बंद. फोन बंद करून चालू केला की चार दिवस बरा, मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

या कंपन्या वाईट आहेत असं मला म्हणायचं नाही. महिन्याला वाचणारे पैसे खरे आहेत. पण त्यांचा धंदा कसा चालतो ते माहीत असलं की निम्मा गोंधळ सुटतो. देशभर पसरलेली मोठी जाळी (नेटवर्क) तीन: व्हेरायझन, एटी अँड टी आणि टी-मोबाइल. स्वस्त कंपन्या त्यांच्याच टॉवरवर चालतात. ट्रॅकफोन २०२१ मध्ये व्हेरायझनने घेतली, व्हिजिबलही त्यांचीच. क्रिकेट एटी अँड टीची. मिंट १ मे २०२४ पासून टी-मोबाइलकडे आहे. यूएस मोबाइल तर तिन्ही जाळ्यांवरची सिम विकते. तुमचं बिल आणि प्लॅन बघणारी यंत्रणा एक, आणि तुमचा व्हॉइसमेल जिथे साठतो ती यंत्रणा दुसरी. प्लॅन बदलला, नंबर पोर्ट केला, रिचार्जला उशीर झाला, प्लॅस्टिकच्या सिमचं ईसिम केलं, की पहिलीने दुसरीला तसं कळवावं लागतं. ते अर्धवट पोचलं की बाकी सगळं चालतं आणि व्हॉइसमेल लटकतो. म्हणूनच तुमचं सिम तिघांपैकी कुणाच्या जाळ्यावर आहे हे आधी बघून ठेवा. पुढचे निम्मे उपाय त्यावर ठरतात.

एक साधी चाचणी

लोक लगेच सेटिंग्जमध्ये शिरतात, नेटवर्क रिसेट करतात, घरातल्या वायफायचे पासवर्ड घालवून बसतात, आणि बिघाड फोनमध्ये नसतोच. व्हॉइसमेल फोनमध्ये राहत नाही. तुम्ही कॉल उचलला नाहीत की जाळं तो कॉल एका व्हॉइसमेल नंबरकडे वळवतं. तिथल्या सर्व्हरवर तुमचा मेलबॉक्स असतो, तो निरोप रेकॉर्ड करतो. मग सर्व्हर तुमच्या फोनला कळवतो आणि फोन तो निरोप दाखवतो. कॉल वळवणं, साठवणं, कळवणं हे तीन टप्पे, आणि तिन्हींचे आजार वेगळे.

घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवरून तुमच्या नंबरवर साधा कॉल लावा, व्हॉट्सॲपवरून नव्हे. उचलू नका, कापूही नका. लावणाऱ्याला काय ऐकू येतं ते नीट ऐका.

नुसती रिंग वाजत राहिली आणि शेवटी कॉल तुटला, किंवा ग्राहक उपलब्ध नाही अशा अर्थाची टेप लागली, तर कॉल वळतच नाही. मेलबॉक्स अजून तयार केलेला नाही किंवा भरलाय असं सांगणारा आवाज आला, तर वळणं ठीक आहे, साठवण्यात अडचण आहे. बीप वाजली, निरोप ठेवता आला, पण तुमच्या फोनवर काहीच उमटलं नाही, तर कळवण्यात घोळ आहे. आणि तुमच्या फोनवर रिंग न वाजताच कॉल थेट व्हॉइसमेलला गेला, तर तो व्हॉइसमेलचा दोषच नाही, त्याबद्दल पुढे.

तिसऱ्या प्रकाराची खात्री करायची तर आपल्याच फोनवरून व्हॉइसमेलला फोन लावा. डायल पॅडवर १ दाबून धरला की बहुतेक ठिकाणी लागतो. टी-मोबाइलच्या जाळ्यावर १२३, व्हेरायझनच्या जाळ्यावर *८६. निरोप तिथे ऐकू आला, म्हणजे पत्र पोस्टात येऊन पडलंय, फक्त पोस्टमन फिरकलेला नाही.

कॉल वळतच नसेल तर

पुन्हापुन्हा उद्भवणाऱ्या तक्रारींचं मूळ बहुधा इथेच सापडतं. कॉल वळवण्याच्या अटी तीन असतात: उचलला नाही, फोन लागला नाही, लाइन बिझी होती. प्रत्येक अटीला वेगळा नंबर लावता येतो, आणि तो बघायचे कोड जगभरच्या जीएसएम जाळ्यांवर सारखेच आहेत. *#६१# डायल करून कॉलचं बटण दाबलं की न उचललेले कॉल कुठे जातात ते दिसतं. *#६२# फोन बंद किंवा रेंजबाहेर असतानासाठी, *#६७# बिझी असतानासाठी. टी-मोबाइलच्या जाळ्यावर हे सहसा नीट चालतात. तिन्हींत एकच नंबर दिसायला हवा. तो कागदावर लिहून ठेवा, हा कंटाळा करू नका.

तिथे भलताच नंबर दिसला तर? घाबरू नका, आधी आठवा: कधी स्पॅम कॉल अडवणारं किंवा निरोप लिहून दाखवणारं ॲप टाकलं होतं का? यूमेल, ट्रूकॉलरचा असिस्टंट यांसारख्या सेवा काम करतात त्याच मुळी हे वळण स्वतःच्या नंबरकडे फिरवून. ॲप काढून टाकलं तरी जाळ्यातलं वळण तसंच राहतं, कारण ते फोनमध्ये लिहिलेलं नसून कंपनीच्या यंत्रणेत लिहिलेलं असतं. फोन बदला, फॅक्टरी रिसेट मारा, ते जात नाही. माझ्या ओळखीतल्या एका काकूंचा व्हॉइसमेल असाच कधी चालायचा, कधी नाही. बिझी आणि बंद असतानाचं वळण बरोबर होतं, न उचललेल्या कॉलचं तेवढं जुन्या ॲपकडे जात होतं. कंपनीचा चॅटवरचा माणूस दर वेळी फोन रिस्टार्ट करायला सांगायचा. तेव्हा असं ॲप काढण्याआधी त्याच्या सेटिंग्जमधून सेवा बंद करा, मग ॲप काढा.

टी-मोबाइलच्या जाळ्यावर असाल तर उपाय सोपा आहे: ##००४# डायल करा. तिन्ही अटी पुसल्या जातात आणि जाळं त्या मूळ व्हॉइसमेलवर नेऊन ठेवतं. इतर जाळ्यांवर मात्र हाच कोड वळण नुसतं पुसून टाकू शकतो, परत लावत नाही, आणि मग उरलासुरला व्हॉइसमेलही जातो. कागदावर नंबर लिहायला सांगितला तो यासाठी. तसं झालं तर **००४*नंबर# या कोडने, मध्ये तो नंबर +१ सकट घालून, तिन्ही अटी पुन्हा लावता येतात. व्हेरायझनच्या जाळ्यावर रीत निराळी: *७१ आणि पुढे नंबर डायल केला की न उचललेले आणि बिझी असतानाचे कॉल वळतात, *७३ ने वळण रद्द होतं.

कोड डायल केल्यावर ‘कनेक्शन प्रॉब्लेम ऑर इनव्हॅलिड एमएमआय कोड’ असं आलं, तर दोन गोष्टी बघा. मोबाइल डेटा बंद असेल तर चालू करा. हल्लीच्या फोरजीवरच्या कॉलिंगमध्ये या सेटिंग्ज डेटाच्या वाटेने जातात, हे अनेकांना ठाऊक नसतं. तरीही तेच आलं तर बहुधा तुमच्या प्लॅनमध्ये हे कोड बंद ठेवलेत, आणि मग कस्टमर केअरशिवाय गत्यंतर नाही.

आई-बाबांच्या फोनात एक भारतीय सिम आणि एक अमेरिकन असं असतं. कोड कुठल्या सिमवरून जातोय ते बघूनच बटण दाबा, नाहीतर इकडचं दुरुस्त करताना तिकडचं बिघडवून ठेवाल. आणि याच्याशीच जोडलेलं: कुणी अनोळखी माणूस फोन करून ‘एवढा कोड डायल करा’ म्हणाला तर करायचा नाही. कॉल वळवून बँकेचे ओटीपी पळवायचा धंदा त्यावरच चालतो. भारतात दूरसंचार विभागाने *४०१# ने कॉल वळवायची सोय १५ एप्रिल २०२४ पासून थांबवायला लावली ती याच कारणाने.

एक उपयोगाची गोष्ट सांगायची राहत होती. ज्येष्ठांना फोन पर्समधून काढून, चष्मा लावून, हिरवं बटण शोधेपर्यंत कॉल व्हॉइसमेलला गेलेला असतो. **६१*नंबर*११*३०# असा कोड दिला की जाळं ३० सेकंद वाट बघतं. त्यापेक्षा जास्त मिळत नाही, आणि आकडा पाचच्या पटीत द्यावा लागतो. नंबरच्या जागी *#६१# ने दिसलेला व्हॉइसमेल नंबरच घालायचा. पुढे कधी ##००४# वापरलात तर हे पुन्हा करावं लागेल.

मेलबॉक्सच आडवा आला तर

नंबर पोर्ट केल्यावर जुन्या कंपनीतला मेलबॉक्स आणि त्यातले निरोप गेले असं समजा. नवा मेलबॉक्स आपोआप उघडतो असं नाही. एकदा १ दाबून धरून आत जायचं, पिन ठरवायचा, आपल्या आवाजात नाव किंवा स्वागताचा निरोप रेकॉर्ड करायचा, आणि शेवटपर्यंत थांबायचं. पुष्कळ जण पिन टाकतात आणि बाई इंग्रजीत लांबण लावते म्हणून मध्येच फोन ठेवतात. मग मेलबॉक्स अर्धवट राहतो आणि कॉल करणाऱ्याला तो तयार नाही असंच ऐकू येत राहतं.

पहिला पिन विचारला तर टी-मोबाइलच्या जाळ्यावर बहुधा तुमच्याच नंबरचे शेवटचे चार आकडे चालतात. पण तोच ठेवू नका. व्हॉट्सॲपसारख्या सेवा ओटीपी फोन करूनही सांगतात. तो कॉल तुम्ही झोपेत असताना व्हॉइसमेलला गेला, आणि पिन सगळ्यांना माहीत असलेलाच असला, तर दुसऱ्या फोनवरून आत शिरून तो ऐकता येतो. या मार्गाने खाती पळवल्याचे प्रकार झालेले आहेत.

मेलबॉक्स भरलाय असं ऐकू येतंय आणि फोनवर तर एकही निरोप दिसत नाही, हा प्रकार चक्रावणारा असतो. आयफोनवर व्हॉइसमेलच्या यादीत अगदी तळाशी ‘डिलीटेड मेसेजेस’ असतं. तिथे जाऊन ‘क्लिअर ऑल’ केल्याशिवाय पुसलेले निरोप पुरते जातीलच असं नाही. तिथेच ब्लॉक केलेल्या नंबरांचे निरोपही वेगळे साठतात. अँड्रॉइडवर यादी रिकामी आणि सर्व्हर भरलेला असं दिसलं तर १ दाबून आत जा आणि एकेक ऐकून पुसा. विमा आणि गाडीच्या वॉरंटीची ध्वनिमुद्रित भाषणंच निघतील, तयारी ठेवा.

हे सगळं करून मेलबॉक्स ताळ्यावर येत नसेल, पिनच स्वीकारत नसेल, आत गेल्यावर लगेच तुटत असेल, तर तो मेलबॉक्स सर्व्हरवरून काढून नव्याने बनवावा लागतो. ते तुमच्या हातात नाही. कस्टमर केअरला ‘व्हॉइसमेल चालत नाही’ असं सांगितलंत तर ते तुम्हाला फोन बंद करून चालू करायला लावतील, त्यांच्यासमोरच्या यादीतली पहिली ओळ तीच असते. त्याऐवजी सांगा की व्हॉइसमेल बॉक्स डिलीट करून पुन्हा प्रोव्हिजन करा. सोबत चाचणीत काय ऐकू आलं, *#६१# मध्ये कुठला नंबर दिसला आणि चाचणी कधी केली ते द्या. एवढं दिलं की चॅटवरच्या माणसाला तक्रार (तिकीट) वर पाठवण्यावाचून दुसरं करण्यासारखं उरत नाही. जुने निरोप जातील, तेव्हा हवे ते आधी ऐकून घ्या. तिकीट नंबर मागून घ्या.

निरोप आहे, पण फोन सांगत नाही

इथे मात्र फोनकडे बघायचं. पडद्यावर निरोपांची यादी दिसते, हवा तो आधी ऐकता येतो, त्याला व्हिज्युअल व्हॉइसमेल म्हणतात. आयफोनवर हे २००७ पासून आहे. अँड्रॉइडच्या डायलरमध्ये त्याची सोय २०१५ च्या मार्शमेलोपासून आली. आतून ते असं चालतं: फोन कंपनीच्या सर्व्हरला न दिसणारा एक एसएमएस पाठवतो, सर्व्हर दुसऱ्या अदृश्य एसएमएसने मेलबॉक्सचा पत्ता आणि पासवर्ड कळवतो, आणि मग फोन ईमेल उतरवावा तसे निरोप डेटावरून उतरवतो. नवा निरोप आला की पुन्हा एक अदृश्य एसएमएस. ही साखळी कुठेही तुटली की यादी जिथल्या तिथे थांबते, आणि तुम्हाला वाटतं कुणी फोनच केला नाही.

साखळी तुटायची कारणं मग अंदाजाने लागतात. फक्त बोलणं आणि एसएमएस असलेला, डेटा नसलेला प्लॅन घेतलाय? मग अनेक ठिकाणी व्हिज्युअल व्हॉइसमेल मिळणारच नाही, १ दाबून ऐकायचं. मोबाइल डेटा घरी वायफाय आहे म्हणून बंद ठेवलाय? चालू करून बघा. अनेक कंपन्यांचा हा सर्व्हर बाहेरच्या वायफायवरून दिसतच नाही. व्हीपीएन चालू आहे? बंद करून बघा. ऑफिसचं व्हीपीएन दिवसभर चालू राहतं आणि निरोप रात्री एकदम टपकतात, यामागे तेच असतं. सिम किंवा ईसिम बदललं? मग जुना पासवर्ड निकामी झालेला असतो. अशा वेळी गूगलच्या फोन ॲपच्या सेटिंग्जमध्ये व्हॉइसमेल या भागात व्हिज्युअल व्हॉइसमेलचा खटका बंद करून, थोडं थांबून, परत चालू करा. त्याने तो पहिला एसएमएस नव्याने जातो. आयफोनवर सेटिंग्ज, जनरल, अबाउट या पानावर थोडा वेळ थांबा. कंपनीच्या सेटिंग्जचा अपडेट असेल तर तिथे विचारणा येते. त्यानेही नाही झालं तर नेटवर्क सेटिंग्ज रिसेट करा. ते याच टप्प्यावर शोभतं, आधी नाही.

भारतात घेतलेल्या अँड्रॉइड फोनात अमेरिकन कंपन्यांचं व्हिज्युअल व्हॉइसमेल नसण्याची शक्यता मोठी. तिथे दिवसभर झटापट करण्यापेक्षा १ दाबून ऐकायची सवय लावलेली बरी. १ दाबूनही नंबर लागत नसेल, तर सिममध्ये व्हॉइसमेल नंबर चुकीचा किंवा रिकामा आहे. अँड्रॉइडवर तो व्हॉइसमेलच्या सेटिंग्जमध्ये हाताने घालता येतो. आयफोनवर *५००५*८६*नंबर# असा कोड आहे.

आयफोनवाल्यांना अजून एक. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या आयओएस १७ पासून लाइव्ह व्हॉइसमेल आहे. त्यात कॉल कंपनीच्या सर्व्हरकडे जातच नाही. फोन स्वतः तो घेतो, निरोप फोनवरच ठेवतो आणि शब्द पडद्यावर लिहून दाखवतो. फोन बंद असेल किंवा रेंज नसेल तेव्हा कंपनीचा व्हॉइसमेल लागतो. म्हणजे काही निरोप एकीकडे, काही दुसरीकडे. १ दाबून आत गेलात आणि ‘नवा निरोप नाही’ ऐकलंत, म्हणजे निरोप आलाच नाही असं नव्हे. चाचणी करताना ही सोय बंद करा, नाहीतर निष्कर्ष चुकतील. सेटिंग्जमध्ये ॲप्स, फोन, लाइव्ह व्हॉइसमेल असा रस्ता आहे. जुन्या आयओएसवर ॲप्सची पायरी नसते. मावशीने मराठीत ठेवलेल्या निरोपाचं जे इंग्रजी होतं ते करमणूक म्हणून वाचा, अर्थ मात्र ऐकूनच लावा.

अँड्रॉइडवर निरोप ऐकून झाला तरी वरची खूण जात नाही, ही तक्रार जुनी आहे. ती खूण लावा किंवा काढा असा निरोप जाळं पाठवतं, आणि काढायचा निरोप मध्येच हरवतो. दुसऱ्या फोनवरून स्वतःला एक नवा निरोप ठेवा, १ दाबून ऐका आणि पुसा. बहुधा दोन्ही एकदम जातात.

रिंगच वाजत नाही

व्हॉइसमेल निर्दोष असतो, कॉलच फोनपर्यंत पोचत नाही, हा प्रकार भारतातून आणलेल्या फोनांवर फार दिसतो. एटी अँड टीने थ्रीजी फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद केलं, टी-मोबाइलने त्याच वर्षी जुलैमध्ये, व्हेरायझनने वर्षअखेरीस. त्यानंतर बोलणंही फोरजीवरूनच चालतं, म्हणजे फोनात त्या कंपनीसाठी व्होल्टी (फोरजीवरून बोलायची सोय) सुरू असावं लागतं. एटी अँड टी तर स्वतःच्या मंजूर यादीतल्या फोनांनाच ते देतं. भारतात जिओवर व्होल्टी चालायचं म्हणून इथेही चालेल असं नाही. इंटरनेट झकास, यूट्यूब सुसाट, म्हणून नेटवर्कवर कुणाचा संशय जात नाही, आणि कॉल ‘फोन लागत नाही’ या अटीखाली थेट व्हॉइसमेलला जातात. फोरजीवर असताना कुणाला कॉल लावा आणि चालू कॉलमध्ये वर फोरजी किंवा एलटीईची खूण टिकते का बघा. टिकली नाही तर व्होल्टी नाही. सिम घेण्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावर फोनचा आयएमईआय (त्या फोनचा ओळख क्रमांक) तपासायची सोय असते, ती वापरली की हे आधीच कळतं. उपाय म्हणजे दुसऱ्या जाळ्यावरचं सिम, किंवा इथला फोन.

बाकी कारणं साधी. डू नॉट डिस्टर्ब किंवा फोकस चालू राहिलंय, आयफोनवर अनोळखी नंबर गप्प करायची सोय चालू आहे (दवाखान्याचा नंबर अनोळखीच असतो), नाहीतर *#२१# दाबल्यावर सगळेच कॉल कुठेतरी वळवलेले दिसतात. तळघरातल्या खोलीत रेंज कधी येते कधी जाते तिथे वायफाय कॉलिंग चालू करा. अमेरिकेत त्यासाठी आपत्कालीन पत्ता भरावा लागतो. तो न भरता अर्ध्यावर सोडलं तर ते चालूच होत नाही.

तरीही दर महिन्याला तेच

एखादा बिघाड नेमका रिचार्जच्या आसपास परत येत असेल, तर तारखा लिहून ठेवा. प्लॅन एक दिवसही तुटला की जाळ्यावरून सेवा निघतात आणि परत जोडताना व्हॉइसमेल मागे राहू शकतो. ऑटो-पे लावा, किंवा मुदत संपण्याआधी भरा. दोन तिकिटं देऊनही कुणी लक्ष घातलं नाही, तर फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनच्या संकेतस्थळावर फुकटात तक्रार करता येते आणि कंपनीला ३० दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं. चॅटवर न हलणारी फाइल तिथे हलते.

ही यातायात नको असेल तर माझं मत सरळ आहे: गूगल व्हॉइसचा फुकट नंबर घ्या आणि **००४*तो नंबर# करून न उचललेले कॉल तिकडे वळवा, प्लॅन परवानगी देत असेल तर. निरोप ईमेलवरही येतो. गूगल व्हॉइसमध्ये डू नॉट डिस्टर्ब चालू ठेवा, म्हणजे कॉल तिथे न वाजता सरळ रेकॉर्डिंगला जाईल. बराच काळ त्या नंबरवरून काहीच केलं नाही तर गूगल तो परत घेतं, म्हणून अधूनमधून एखादा मेसेज करा.

सुट्टीत भारतात जाताना अमेरिकन सिम चालू ठेवणार असाल तर एवढं बघा. रोमिंगवर फोन चालू असताना कॉल आधी पुण्याला येतो, तुम्ही उचलत नाही, आणि तो पुन्हा अमेरिकेतल्या व्हॉइसमेलकडे परत वळतो. मिनिटाप्रमाणे पैसे असलेल्या प्लॅनवर या येरझाऱ्याचं भाडं तुमच्या खिशातून जाऊ शकतं, एकही शब्द न बोलता. अमेरिकेत असतानाच वायफाय कॉलिंग चालू करून घ्या, परदेशात ते चालतं का ते कंपनीला विचारा, आणि भारतात पोचल्यावर त्या फोनवर विमान मोड लावून नुसतं वायफाय चालू ठेवा. बँकेचे ओटीपीही बहुधा त्याच वाटेने येतात.